त्रूसबाईच्या घरी अकरा दिवस

५ नोव्हेंबर २००६, रविवार. घरी.

ही वही वैष्णवीनं दिली. म्हणाली, "आई, तिकडं जे दिसन ते रोज लिहीजो. नाई त तू आल्यावर सांगतो म्हणतं आन् अर्धं विसरतं." गटाचं रजिस्टर मी सहा वर्षं लिहिते आहे, त्यामुळे लिहिण्याची भीती नाही. फक्त रजिस्टरात स्वतःबद्दल काही लिहावं लागत नाही.

परवा हॉलंडला निघायचं आहे. मी राळेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली बाई, नागपूरच्या पुढं कधी गेले नाही. आमच्या गटात बासष्ट घरं आहेत. आम्ही बिनविषारी कापूस पिकवतो, फवारणी नाही, कारखान्याचं खत नाही. तिकडची एक कपड्याची कंपनी तो तीन वर्षं घ्यायचं म्हणते. पण आधी त्यांच्या मेळाव्यात पिकवणाऱ्या बाईनं येऊन पाच मिनिटं बोलावं, अशी त्यांची अट आहे.

खरं तर जायची होती रुक्माबाई. तिचा नवरा घनश्याम चार वर्षांमागं गेला. त्यानं स्वतःच केलं. तेव्हापासून ती एकटी सहा एकर करते, आणि गटात सगळ्यांत स्वच्छ कापूस तिचाच असतो. गटाला मदत करणाऱ्या संस्थेच्या साकेत सरांनी तिची सगळी माहिती लिहून नेली होती. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि जन्माचा दाखला नाहीच. पासपोर्ट अडला. माझा अर्ज तिच्यासोबतच भरला होता, तो निघाला. म्हणून मी.

साकेत सर काल येऊन सांगून गेले, "ताई, साधं राहायचं. मंचावर पांढरंच लुगडं नेसा, आपल्याच कापसाचं. दागिने नको. शेतकरी दिसला पाहिजे."

"मंगळसूत्र?" मी विचारलं.

"स्वेटरच्या आत राहू द्या ना. थंडीच आहे तिकडं."

वेचणी ऐन भरात आहे आणि मी चालले. हे म्हणतात, "जाय तू. मी पाह्यतो." पाहतील काय, यांना चहात साखर किती लागते तेही ठाऊक नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार. हॉलंड.

पोचले. विमानाचं काही लिहीत नाही, पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते.

मला न्यायला एकाहत्तर वर्षांची बाई स्वतः गाडी चालवत आली. तिचं नाव त्रूस. शेतकरीण आहे, एकटी राहते. सोबत स्पृहा नावाची पुण्याची पोरगी होती, इथं तीन वर्षांपासून शिकते, तिकडची भाषा बोलते. दुभाषी म्हणून कंपनीनं तिला ठेवलं आहे, पण ती रोज येणार नाही, आगगाडीनं दीड तास लागतो.

स्पृहानं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "शकुताई, तुम्ही कुंकू लावता हे मला फार आवडलं."

मी म्हटलं, "रोजच लावतो मी." यात आवडण्यासारखं काय आहे, कळलं नाही. पुण्यात बंद झालं असेल.

त्रूसबाईनं माझा हात दोन्ही हातांत धरला, मान एका बाजूला केली, आणि डोळ्यांत पाणी आणून बराच वेळ तशीच उभी राहिली. इथला नमस्कार असा असतो वाटतं.

घर चांगलं आहे, पण जिना म्हणजे माळ्यावर चढायची शिडी. लुगड्याचा काष्टा घालून चढले. आणि रस्त्याकडच्या खिडक्यांना पडदेच नाहीत. गावातल्या एकाही घराला नाहीत. येता येता गाडीतून मी नऊ घरांचं जेवण पाहिलं. कोणी लाजत नाही, कोणी उठून दार लावत नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी संडासात गेले तर समोर कॅलेंडर टांगलेलं. त्यावर माणसांची नावं लिहिली होती, काही खोडलेली. स्पृहाला फोनवर विचारलं तर म्हणाली, ते वाढदिवसांचं कॅलेंडर, इथं सगळ्यांच्या संडासात असतं, बसल्या बसल्या लक्षात राहतं म्हणून. घरच्या वडीलधाऱ्यांची नावं संडासात. मी दिवसभर सुन्न होते. आपल्याकडं असं कोणी केलं तर भावकी एक होऊन भांडायला येईल.

न्याहारीला पाव आला, त्यावर लोणी, आणि लोण्यावर त्रूसबाईनं डब्यातून काळ्या लेंड्या शिंपडल्या. डब्यात उंदीर शिरला होता हे तिच्या लक्षात आलं नसेल, म्हातारी आहे, दिसत नसेल. मी पाव हळूच बाजूला सारला. तिनं तो खाल्ला आणि कानाजवळ पंजा हलवला, माशी हाकलतात तसा. माशी नव्हती. मग कळलं, लेंड्या म्हणजे चॉकलेट, आणि पंजा हलवणं म्हणजे चव छान आहे.

चहासोबत तिनं बिस्किटांचा डबा उघडला, मला एक दिलं, स्वतः एक घेतलं, आणि झाकण लावून डबा कपाटात ठेवला. मला वाटलं, माझं काही चुकलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

त्रूसबाईची मुलगी दोन गावं सोडून राहते. सकाळी तिचा फोन आला. त्रूसबाईनं छोटी वही काढली, पानं उलटली, काहीतरी लिहिलं, फोन ठेवला. मग बोटानं मला दाखवलं: पुढल्या महिन्याच्या सात तारखेला मुलगी येणार. पोटच्या पोरीला तारीख. वैष्णवी सासरी गेल्यावर मला अशी तारीख देऊन येणार असेल तर मी तिचं लग्नच करत नाही.

संध्याकाळी सहाला आम्ही जेवायला बसलो तेव्हा शेजारीण काहीतरी परत द्यायला आली. दारातून आमचं ताट दिसत होतं. त्रूसबाईनं तिला "या" म्हटलं नाही आणि तिला राग आला नाही. भांडं दिलं आणि गेली. मलाच लाज वाटली.

इथल्या नमस्काराची मला आता सवय झाली. पाववाली, चर्चमधला म्हातारा, सायकलवाली डॉक्टरीण, ज्यांना ज्यांना त्रूसबाई माझी ओळख करून देते ते सगळे हात धरतात, मान कलती करतात, आवाज खाली आणतात. आज पोस्टमन आला तेव्हा मीच पुढं होऊन त्याचा हात धरला, मान कलती केली, डोळ्यांत पाहिलं. तो घाबरला. पत्र टाकून पटकन सायकलवर बसला. आपसात हे लोक तसा नमस्कार करत नाहीत हेही पाहून ठेवलं. पाहुण्यांसाठीच असावा.

१३ नोव्हेंबर, सोमवार

त्रूसबाईनं शेजारच्या गोठ्यात नेलं. गाईंना पाठ खाजवायला विजेवर फिरणारा ब्रश आहे. गाय येते, खाली उभी राहते, डोळे मिटते. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला. शेतकऱ्यानं एकीचे कागद दाखवले: जन्मतारीख, आईचं नाव, कुठं जन्मली ते गाव. मी ते कागद हातात धरून उभीच राहिले. आमच्या रुक्माबाईजवळ यातलं एकही नाही.

मग तिनं स्वतःचा गोठा दाखवला. मोठा, स्वच्छ, आणि रिकामा. भिंतीवर ओळीनं पाट्या, प्रत्येकीवर एक नाव. मी मोजल्या, सत्तेचाळीस. एका खिळ्यावर टोपी टांगली होती, आणि तीच टोपी घातलेल्या माणसाचा फोटो. "हेंक," ती म्हणाली. नवरा असावा. मग ती बरंच बोलली. मला काही कळलं नाही. शेवटी तिनं माझ्याकडं बोट केलं, स्वतःकडं केलं, आणि दोन बोटं जोडून दाखवली. मला वाटलं, तूही शेतकरीण, मीही शेतकरीण. मी जोरात मान हलवली. तिनं मला पोटाशी धरलं आणि रडली. इतकी माया मला परक्या मुलखात मिळेल असं वाटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

गावच्या शाळेत नेलं. मास्तरणीला पोरं नावानं हाक मारतात आणि ती टेबलावर बसते. मी जाग्यावरून उठले, मला वाटलं आता ती कोणाला तरी झोडपणार. काही नाही.

पोरांनी माझ्यासाठी चित्रं काढली होती. एकात लुगडं नेसलेली बाई होती, मीच, आणि माझ्या डोक्यावर पंखवाला माणूस उडत होता. इथल्या लहान पोरांना देव असा दिसत असावा. चित्र जपून ठेवलं, वैष्णवीला दाखवीन.

घरी फोन केला. हे म्हणाले, पहिला वेचा झाला, बोंडं चांगली फुटली. मी विचारलं, जेवण? म्हणाले, "वैष्णवीनं मले भाकर शिकवली. हॉलंडचा नकाशा होते तिचा."

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आज घडलं ते आजच लिहून ठेवते.

आज त्रूसबाईच्या बहिणीचा वाढदिवस होता. स्पृहा मुद्दाम आली होती. खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. आत येणारा प्रत्येक जण गोल फिरून प्रत्येकाचं अभिनंदन करत होता, ज्याचा वाढदिवस नाही त्याचंही. "तुमच्या बहिणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, तुमच्या मेहुणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन." मलाही दिलं. मी काय केलं होतं? बायकाही आणि बाप्येही गालावर तीनदा मुका घेत होते. त्रूसबाईचा मेहुणा, म्हणजे बहिणीचा नवरा, माझ्याकडं वळला तेव्हा मी दोन्ही हात जोडून इतकी मागं सरले की खुर्चीवरच बसले. सगळे हसले, मीही हसले. केकचा एक तुकडा, मग एक बिस्किट, मग झाकण.

मग त्या मेहुण्यानं समोरून सरळ माझ्याकडं पाहत स्पृहाला काही विचारलं. स्पृहा म्हणाली, "इथले लोक असं थेट विचारतात शकुताई, वाईट वाटून घेऊ नका."

"विचारू दे ना."

"ते विचारतात, तुमचे मिस्टर कधी गेले?"

मी म्हटलं, "परवा यवतमाळले गेलते, संध्याकाळीच आले वापस. काहून?"

स्पृहा म्हणाली, "नाही, म्हणजे… वारले कधी?"

"कोण?"

"तुमचे मिस्टर."

"मंगळवारी फोनवर बोललो त्यायच्याशी. बरे आहेत. भाकर करून राह्यले."

सगळे जण हातात बिस्किट धरून उत्तराची वाट पाहत होते. स्पृहानं त्यांना काहीतरी दोन शब्दांत सांगितलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. पिशवीतून एक घडीचा कागद काढला. पहिल्या पानावर माझा फोटो, पापणी खाली असलेला, नेमका डोळ्यात कचरा गेला होता तेव्हाचा. खाली त्यांच्या भाषेतला मजकूर. स्पृहानं वाचून दाखवला. शकुबाई. यवतमाळ जिल्हा. कापसाच्या संकटात पतीनं आयुष्य संपवलं. आज ती एकटी सहा एकर जमीन कसते.

"हे त रुक्माबाईचं आहे," मी म्हटलं.

"मीच याचं भाषांतर केलं," स्पृहा म्हणाली. "मला खरं वाटलं, शकुताई. सगळ्यांना खरं वाटलं."

तेव्हा एकेक डोळ्यांसमोर आलं. तो नमस्कार. पंखवाला माणूस. कुंकू. आणि मी पोस्टमनचा हात धरला ते.

मी स्वेटरच्या आतून मंगळसूत्र बाहेर काढलं आणि मुठीत धरून ठेवलं. दुसरं काही सुचलं नाही. बाहेर ते लोक गाणं म्हणत होते.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साकेत सरांना फोन लावला.

"ताई, आधी ऐकून घ्या," ते म्हणाले. "पत्रक जूनमध्येच तयार होतं. तुमचं ऐनवेळी ठरलं. फोटो आणि नाव बदललं."

"आन् नवरा?"

"तेवढं बदलायचं राहून गेलं."

"राहून गेलं का ठेवलं?"

मग म्हणाले, "कंपनीला ती गोष्ट आवडली होती. ताई, बासष्ट घरांचा प्रश्न आहे. तुम्ही खोटं बोलू नका, फक्त त्या विषयावर काही बोलू नका. उद्याचा एक दिवस. आणि गोष्ट काही खोटी नाही ना, आपल्याच रुक्माबाईची आहे."

मग घरी लावला. यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे मी मेलो का?" ते म्हणाले.

"हो."

"कधी?"

"कागदात तारीख नाही."

ते हसले. हसता हसता थांबले. म्हणाले, "मले मारून कापूस जात असन त मार, शकू. मी काही तिकडं पाह्याले येत नाही." मग म्हणाले, "पण वैष्णवीले सांगजो नको. आन् घनश्यामच्या घरासमोरून मी रोज जातो. त्याचं मरण माह्या नावावर नको मले."

दुपारी स्पृहा आली. तिच्याच तोंडून मी त्रूसबाईला सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात, तिघी टेबलाशी बसून. मी हात जोडले. त्रूसबाईनं विचारलं, "त्याचं नाव काय?"

मी नाव घेत नाही कधी. पण घेतलं. "भगवानराव."

मग ती बोलली आणि स्पृहा अडखळत सांगत गेली. पाच वर्षांमागं इकडं गाईंमध्ये खुरकुताची साथ आली. त्रूसबाईच्या गाई धडधाकट होत्या, तरी सरकारी माणसं आली आणि एका दिवसात सत्तेचाळीसही मारल्या. हेंक पुढल्या वसंतात गेला. त्यानंही स्वतःच केलं. त्यानंतर गावातले लोक तिला पाहून रस्ता बदलायचे. वाईट नव्हते, काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. कंपनीनं गावात विचारलं की यवतमाळच्या बाईला कोण ठेवून घेईल, तेव्हा तिनं लगेच हात वर केला.

"तिला वाटलं," स्पृहा म्हणाली, "की आता हिच्याशी बोलता येईल."

ती दोन जोडलेली बोटं. आणि मी किती जोरात मान हलवली होती.

त्रूसबाई उठली, रबरी बूट घातले आणि कोंबड्यांकडं गेली. तासभर आली नाही. खिडकीतून दिसत होती, नुसती उभी होती. आल्यावर तिनं पाव कापले, सहा वाजले होते. जेवताना एकदाच बोलली. स्पृहानं सांगितलं, "त्या म्हणतात, उद्या मी पहिल्या रांगेत बसणार आहे." माफ केलं म्हणून, की मी काय करते ते पाहायला, ते कळलं नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मोठा हॉल. दाराशीच माझा फोटो, माणसापेक्षा उंच. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा दोघी बायकांनी येऊन माझा हात धरला, मान कलती केली. मी हात सोडवून घेतला.

पांढरं लुगडं नेसले होते. पण मंगळसूत्र स्वेटरच्या वर होतं आणि बांगड्याही घातल्या होत्या. दोनशे-अडीचशे माणसं होती. मी बोलायला उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले आणि जे बोलले ते असं:

"बाहेरच्या फोटोत मी आहे. त्याखाली लिहिलं ते माझं नाही. माझा नवरा जिवंत आहे. त्यांचं नाव भगवानराव, ते आज घरी कापूस वेचून राह्यले. जो गेला त्याचं नाव घनश्याम. त्याची बायको रुक्माबाई माझ्या शेजारच्या वावरात आहे. तिला इथं यायचं होतं, पण तिच्याजवळ जन्माचा दाखला नाही. ती आमच्यात सगळ्यांत चांगला कापूस पिकवते. मी तो सोबत आणला आहे. तुम्हाला कापूस घ्यायचा असेल तर त्याला हात लावून घ्या. माझं कपाळ पाहून घेऊ नका."

स्पृहानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. वैष्णवीच्या शाळेत भाषण झालं की टाळ्या पडतात. इथं एकही टाळी पडली नाही. समोर बसलेल्या कंपनीच्या मॅडमचा चेहरा लाल झाला. तीन-चार जण उठून गेले.

मग पहिल्या रांगेतून त्रूसबाई उठली. सरळ मंचावर आली, माझ्या पिशवीतून कापसाचा एक पुंजका घेतला, बोटांनी ताणून पाहिला आणि पुढच्या माणसाकडं दिला. त्यानं पाहिला, त्याच्या पुढच्याला दिला. एका माणसानं बसूनच विचारलं, धागा किती लांब निघतो? दुसऱ्यानं विचारलं, काडीकचरा कसा नाही? मी सांगितलं, सकाळी दव वाळल्यावर वेचतो, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी ठेवतो. इथले लोक थेट विचारतात ते चांगलंच आहे. अर्धा तास प्रश्न चालले, आणि त्यांत एकही नवऱ्याबद्दल नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम आल्या. मान सरळ ठेवून बोलल्या. "तुम्ही आम्हाला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं. ते पत्रक आम्ही आज फाडून टाकू. तीन वर्षांचा करार मी आता करू शकत नाही. या हंगामाचा कापूस घेऊ. फेब्रुवारीत मी स्वतः येईन, मग पाहू."

बासष्ट घरांना तीन वर्षांऐवजी एक वर्ष. ते माझ्यामुळं. हे मी इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढं कोणी म्हटलं तर मला नाही म्हणता येणार नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार. विमानतळ.

त्रूसबाईनं स्वतः आणून सोडलं. गाडीत आम्ही दोघीच, स्पृहा नव्हती, म्हणून काही बोललो नाही. आत जाताना तिनं माझ्या गालांचे तीन मुके घेतले. मी मागं सरले नाही. तिनं वही काढली आणि फेब्रुवारीच्या पानावर बोट ठेवून माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, मॅडमसोबत ती पण येते म्हणाली. मी मान हलवली, पण या वेळी हळू. काय कबूल केलं ते खात्रीनं माहीत नव्हतं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार. घरी.

काल गटाची बैठक झाली. साकेत सर आले नाहीत. संस्थेनं त्यांना काढलं म्हणतात, कोणी म्हणतात तेच सोडून गेले. हरिसिंगनं सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं त काय झालं असतं?" मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. कारण त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे. दोन-तीन बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. हे कोपऱ्यात बसले होते. लालीबाई त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमाले पाहून बरं वाटलं." तेव्हा कुठं चार जण हसले.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी रुक्माबाई आली. मी तिच्याकडं जायला हवं होतं, तीन दिवस पाय उचलला नव्हता. ओसरीत बसली, पाणी प्यायली नाही.

"त्यायचं नाव घेतलं तुनं तिथं?" तिनं विचारलं.

"हो."

"किती लोक होते?"

"दोनशे-अडीचशे."

"मले विचारलं नाही."

"नाही विचारलं. साकेत सरांनीही नाही, मीही नाही."

"विचाराले पाह्यजे होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. मग ती म्हणाली, "इथं कोणी घेत नाही त्यायचं नाव. चार वर्षं झाले. माह्यासमोर त घेतच नाही. पोरगीबी घेत नाही, मले वाईट वाटन म्हणून."

मी चहा ठेवला. चहा घेता घेता ती बोलायला लागली. घनश्याम बेडकाला भ्यायचा. एवढा दांडगा माणूस, पण नाल्यात बेडूक दिसला की बैल तिच्या हातात देऊन बांधावर चढून बसायचा. लग्नात त्याचा एक बूट हरवला तर तो एका बुटावरच वरातीत नाचला. भाजीत मीठ जास्त झालं की ताट न सरकवता गपचूप दोन तांबे पाणी प्यायचा, आणि त्यावरून तिला कळायचं. सांगताना ती हसत होती. मीही हसले, मग दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसलो. चहा दोनदा झाला.

मी तिला त्रूसबाईचं सांगितलं. रिकामा गोठा, पाट्या, टोपी, हेंक कसा गेला ते.

रुक्माबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणूस कसा होता तो?"

"कोण?"

"तिचा नवरा. हेंक."

अकरा दिवस त्या घरात राहिले, त्याच्या खुर्चीवर बसून जेवले. तो गेला कसा तेवढंच मला माहीत होतं. तो होता कसा, हे मी विचारलंच नव्हतं.

"मंग विचार," रुक्माबाई म्हणाली. "फेब्रुवारीपर्यंत कायले थांबतं? त्या पोरीले चिठ्ठी लिही. ते वाचून दाखवन म्हातारीले."

वैष्णवीच्या वहीतलं पान फाडलं. स्पृहाला दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. पुढं काय विचारावं ते सुचेना. रुक्माबाई माझ्याजवळ सरकून बसली आणि एकेक सांगत गेली, मी लिहीत गेले. गाईंची नावं कोण ठेवायचं, तो का ती? गाणं म्हणायचा का? रागावला की बोलायचा का गप्प बसायचा? खायला काय आवडे?

"आन् घोरे का ते विचार," ती म्हणाली. "तेच जास्त आठवते."